रासायनिक समीकरणांचे संतुलन कसे शिकावे

रासायनिक समीकरण संतुलित करता येत नाही अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याची वही उघडून पाहिली, तर बेरजेची किंवा गुणाकाराची चूक तिच्यात क्वचितच सापडते. चूक बहुधा त्याच्या कितीतरी आधी झालेली असते. एखाद्या संयुगाचे रेणुसूत्रच चुकलेले असते, कंसाबाहेरचा अंक मोजायचा राहून गेलेला असतो, नाहीतर हिशेब जुळवण्याच्या घाईत सूत्रातला अंक परस्पर बदललेला असतो. म्हणून या लेखात सूत्र आणि अणूंची मोजणी यांवर आधी वेळ दिला आहे, आणि सहगुणक शोधण्याच्या पद्धती त्यानंतर घेतल्या आहेत.

लेखनाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मूलद्रव्यांच्या संज्ञा येथे आपण त्या जशा उच्चारतो तशाच देवनागरीत लिहिल्या आहेत: एच म्हणजे हायड्रोजन, ओ म्हणजे ऑक्सिजन, एन म्हणजे नायट्रोजन, सी म्हणजे कार्बन, एस म्हणजे गंधक, के म्हणजे पोटॅशियम, एफई म्हणजे लोह, सीए म्हणजे कॅल्शिअम, एएल म्हणजे ॲल्युमिनिअम, एमएन म्हणजे मँगनीज, सीएल म्हणजे क्लोरिन, सीयू म्हणजे तांबे, पीबी म्हणजे शिसे आणि एजी म्हणजे चांदी. सूत्रातील तळाचा लहान अंक (पादांक) ₂, ₃ असा छापला आहे आणि सूत्राच्या आधी येणारा सहगुणक २, ३ असा पूर्ण आकारात दिला आहे. वहीत मात्र नेहमीच्या रोमन संज्ञाच वापराव्यात.

संतुलन करायचेच कशासाठी?

रासायनिक अभिक्रियेत अणू नव्याने निर्माण होत नाहीत आणि नष्टही होत नाहीत. त्यांची फक्त फेरजुळणी होते. लव्हाझिए याने बंद भांड्यात पदार्थ तापवून, आधीचे आणि नंतरचे वजन काटेकोरपणे ताडून पाहिले आणि १७८९ मध्ये द्रव्य अक्षय्यतेचा नियम स्पष्ट शब्दांत मांडला. पुढे १८०८ मध्ये डाल्टनने आपला अणुसिद्धांत सविस्तर मांडला, तेव्हा वजन कायम का राहते याचे उत्तरही मिळाले: अणू तेच आणि तेवढेच राहतात, म्हणून वजन तेवढेच राहते. समीकरणाच्या डावीकडे अभिक्रियाकारक आणि उजवीकडे उत्पादिते लिहिली, की प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूंची संख्या दोन्ही बाजूंना सारखी असलीच पाहिजे, या अटीला आपण संतुलन म्हणतो. गणितातील समीकरणाशी त्याचे साम्य एवढ्यापुरतेच आहे. येथील बाण केवळ समानता दाखवत नाही, तो बदलाची दिशाही दाखवतो.

आधी सूत्र बरोबर लिहावे

प्रश्न शब्दांत दिलेला असेल, तर पहिले काम म्हणजे प्रत्येक पदार्थाचे सूत्र संयुजेवरून, म्हणजे मूलद्रव्याच्या संयोग पावण्याच्या क्षमतेवरून, तयार करणे. ॲल्युमिनिअमची संयुजा ३ आणि ऑक्सिजनची २ आहे, म्हणून ॲल्युमिनिअम ऑक्साइडचे सूत्र एएल₂ओ₃ होते. ते चुकून एएलओ असे लिहिले, तर त्यापुढचे संतुलन कितीही निर्दोष असले तरी उत्तर चुकीचेच येणार, आणि वाईट म्हणजे विद्यार्थ्याला आपण कुठे चुकलो हे कळणारही नाही, कारण अणूंचा हिशेब तर जुळलेला दिसतो.

दुसरी नेहमीची चूक मुक्त मूलद्रव्यांच्या बाबतीत होते. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन आणि आयोडिन ही ७ मूलद्रव्ये मुक्त अवस्थेत द्विअणू रेणूंच्या रूपात असतात, म्हणून ती एकटी असताना एच₂, एन₂, ओ₂ अशीच लिहावी लागतात. संयुगात शिरल्यावर हा नियम लागू होत नाही. पाण्यात ऑक्सिजनचा एकच अणू असतो. ही ७ नावे पाठ करण्याला पर्याय नाही, आणि रसायनशास्त्रात जे थोडेफार पाठ करावे लागते त्यात ही यादी सर्वांत आधी यावी असे मला वाटते.

मोजणी

सूत्रातील पादांक त्याच्या लगेच आधीच्या अणूला लागू होतो. कंसाबाहेरचा पादांक कंसातील प्रत्येक अणूला लागू होतो, आणि सूत्राआधीचा सहगुणक संपूर्ण सूत्राला लागू होतो. हे तीन स्तर एकाच उदाहरणात पाहावेत:

३ एएल₂(एसओ₄)₃

ॲल्युमिनिअमचे अणू ३ × २ म्हणजे ६ आहेत. गंधकाचे अणू ३ × ३ म्हणजे ९ आहेत. ऑक्सिजनचे अणू ३ × ३ × ४ म्हणजे ३६ आहेत. ऑक्सिजन १२ येत असेल तर एका स्तरावरचा ३ सुटला आहे. त्याचप्रमाणे सीए(ओएच)₂ यातील कंस गाळून सीएओएच₂ असे लिहिले, तर ऑक्सिजनचे अणू दोनाऐवजी एकच उरतात आणि पुढील सारा हिशेब बिघडतो.

मोजणीसाठी वहीत तीन रकाने आखावेत: मूलद्रव्य, डावी बाजू, उजवी बाजू. सहगुणक बदलला की संबंधित रकाने खोडून नवीन संख्या लिहावी. सोपी उदाहरणे डोक्यात जमतात, म्हणून अनेक जण हे रकाने टाळतात आणि चार-पाच मूलद्रव्यांचे समीकरण समोर आले की अडतात. सवय सोप्या उदाहरणांवरच लावून घ्यावी.

पादांकाला हात लावू नये

हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांपासून पाणी तयार होते:

एच₂ + ओ₂ → एच₂ओ

डावीकडे ऑक्सिजनचे २ अणू आहेत आणि उजवीकडे १. पाण्याच्या सूत्रात ओच्या तळाशी २ लिहिला तर हिशेब तत्काळ जुळतो, आणि नेमका हाच मोह टाळायचा आहे. एच₂ओ₂ हे हायड्रोजन पेरॉक्साइडचे सूत्र आहे. तो विरंजक आणि जंतुनाशक म्हणून वापरला जाणारा वेगळाच पदार्थ आहे. पादांक बदलणे म्हणजे पदार्थच बदलणे. आपल्या हातात फक्त सहगुणक आहे, म्हणजे त्याच पदार्थाचे किती रेणू घ्यायचे हे ठरवणे. पाण्याचे दोन रेणू घेतले की उजवीकडे ऑक्सिजन २ आणि हायड्रोजन ४ होतात, त्यामुळे डावीकडे हायड्रोजनचे दोन रेणू घ्यावे लागतात:

२ एच₂ + ओ₂ → २ एच₂ओ

वजनांनीही हे पडताळता येते. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन यांपासून ३६ ग्रॅम पाणी मिळते.

निरीक्षणाने संतुलन

शालेय पातळीवरील बहुतेक समीकरणे केवळ निरीक्षणाने, म्हणजे एकेक मूलद्रव्य जुळवत जाऊन सुटतात. फक्त क्रम नीट निवडावा लागतो. सर्वांत गुंतागुंतीच्या संयुगापासून सुरुवात करावी आणि जे मूलद्रव्य कोणत्याही बाजूला मुक्त अवस्थेत एकटे आहे ते शेवटी हाताळावे. यामागचे कारण समजून घेतले तर नियम पाठ करावा लागत नाही: संयुगाचा सहगुणक बदलला की त्यातील दोन-तीन मूलद्रव्यांचा हिशेब एकदम हलतो, परंतु मुक्त मूलद्रव्याचा सहगुणक बदलला तर फक्त त्याचाच हिशेब हलतो. आधी जुळवलेले काहीही विस्कटू न देता शेवटची दुरुस्ती त्याच्याकडून करून घेता येते.

तापलेल्या लोहावरून पाण्याची वाफ नेली असता पुढील अभिक्रिया होते:

एफई + एच₂ओ → एफई₃ओ₄ + एच₂

येथे सर्वांत भरगच्च सूत्र एफई₃ओ₄ हे आहे, म्हणून तेथून निघावे. त्यात लोहाचे ३ अणू आहेत, म्हणून डावीकडे ३ एफई. त्यात ऑक्सिजनचे ४ अणू आहेत आणि डावीकडे ऑक्सिजन फक्त पाण्यातून येतो, म्हणून ४ एच₂ओ. आता डावीकडे हायड्रोजनचे ८ अणू झाले. उजवीकडे हायड्रोजन मुक्त आहे, म्हणून ४ एच₂. एकदाही मागे न वळता उत्तर आले:

३ एफई + ४ एच₂ओ → एफई₃ओ₄ + ४ एच₂

हेच उदाहरण हायड्रोजनपासून सुरू केले, तर हायड्रोजन पहिल्या क्षणी दोन्हीकडे २ असल्यामुळे जुळलेला दिसतो आणि नंतर ऑक्सिजन जुळवताना बिघडतो. उत्तर तरीही मिळते, परंतु दुप्पट खाडाखोड करून.

विषम संख्या आणि अपूर्णांक

कार्बनी संयुगांच्या ज्वलनात क्रम ठरलेला आहे: आधी कार्बन, मग हायड्रोजन, शेवटी ऑक्सिजन. ब्यूटेन घेऊन पाहू:

सी₄एच₁₀ + ओ₂ → सीओ₂ + एच₂ओ

कार्बनसाठी ४ सीओ₂ आणि हायड्रोजनसाठी ५ एच₂ओ घेतले की उजवीकडे ऑक्सिजनचे अणू ८ + ५ म्हणजे १३ होतात. डावीकडे ऑक्सिजन जोडीने येतो, आणि १३ ही संख्या जोड्यांत बसत नाही. येथे अनेक विद्यार्थी थांबतात किंवा सगळे खोडून पुन्हा सुरुवात करतात. तसे करण्याची गरज नाही. ओ₂ समोर निःसंकोच १३/२ लिहावे, आणि मग संपूर्ण समीकरणाला २ ने गुणावे:

२ सी₄एच₁₀ + १३ ओ₂ → ८ सीओ₂ + १० एच₂ओ

अपूर्णांक ही चूक नव्हे, ती उत्तराकडे जाणारी पायरी आहे. उच्च वर्गांत ऊष्मारसायन शिकताना एका मोलचा हिशेब हवा असतो, तेव्हा असे अपूर्णांक मुद्दाम ठेवलेही जातात. शालेय उत्तरात मात्र लहानात लहान पूर्णांकच द्यावेत. त्याच न्यायाने शेवटी ४, २, ४ असे सहगुणक आले तर सर्वांना २ ने भागून २, १, २ करावे.

दुसरे थोडे कठीण उदाहरण पायराइट या खनिजाच्या भाजणीचे आहे:

एफईएस₂ + ओ₂ → एफई₂ओ₃ + एसओ₂

लोहासाठी डावीकडे २ एफईएस₂ घेतले की गंधकाचे अणू ४ होतात, म्हणून ४ एसओ₂. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू ३ + ८ म्हणजे ११. ओ₂ समोर ११/२ येते, आणि दुप्पट केल्यावर:

४ एफईएस₂ + ११ ओ₂ → २ एफई₂ओ₃ + ८ एसओ₂

दोन्ही बाजूंना ऑक्सिजनचे २२ अणू आहेत. ११ सारखा सहगुणक दिसला की आपलेच काहीतरी चुकले असे अनेकांना वाटते आणि ते बरोबर आलेले उत्तर खोडून टाकतात. उत्तर कसे दिसते यावर विसंबू नये. मोजणीचे रकाने काय सांगतात ते पाहावे.

मूलक न फोडता मोजावेत

सल्फेट, नायट्रेट, हायड्रॉक्साइड यांसारखा मूलक, म्हणजे एकत्र वागणारा अणूंचा गट, दोन्ही बाजूंना जसाच्या तसा राहत असेल, तर त्याला एकच एकक मानून मोजावे. काम निम्म्याने कमी होते.

एएल₂(एसओ₄)₃ + सीए(ओएच)₂ → एएल(ओएच)₃ + सीएएसओ₄

डावीकडे ॲल्युमिनिअम २ आहेत, म्हणून उजवीकडे २ एएल(ओएच)₃. सल्फेट मूलक ३ आहेत, म्हणून ३ सीएएसओ₄. त्यामुळे कॅल्शिअम ३ लागतात, म्हणून ३ सीए(ओएच)₂. हायड्रॉक्साइड दोन्हीकडे ६ होतात. ऑक्सिजनचे अणू सुटे मोजत बसण्याचा प्रसंगच आला नाही.

मात्र मूलक अभिक्रियेत फुटत असेल, तर ही युक्ती वापरू नये. लेड नायट्रेट तापवले असता त्याचे अपघटन होऊन लेड ऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन मिळतात. उजवीकडे नायट्रेट मूलक कुठेच नाही. येथे अणू सुटेच मोजावे लागतात:

२ पीबी(एनओ₃)₂ → २ पीबीओ + ४ एनओ₂ + ओ₂

ऑक्सिजन डावीकडे १२ आहेत आणि उजवीकडे २ + ८ + २, म्हणजे तेवढेच.

निरीक्षण अपुरे पडले तर बीजगणित

काही समीकरणांत एकच मूलद्रव्य तीन-तीन ठिकाणी विखुरलेले असते. पोटॅशियम परमँगनेट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या अभिक्रियेत क्लोरिन तसे आहे:

केएमएनओ₄ + एचसीएल → केसीएल + एमएनसीएल₂ + एच₂ओ + सीएल₂

अंदाजाने आकडे बसवत राहण्यापेक्षा सहगुणकांना अनुक्रमे अ, ब, क, ड, इ, फ अशी अक्षरे द्यावीत आणि प्रत्येक मूलद्रव्याची अट लिहावी. पोटॅशियमवरून क = अ. मँगनीजवरून ड = अ. ऑक्सिजनवरून इ = ४अ. हायड्रोजनवरून ब = २इ, म्हणजे ८अ. क्लोरिनवरून ब = क + २ड + २फ, म्हणजे ८अ = ३अ + २फ, म्हणून फ = ५अ/२. फ पूर्णांक यावा यासाठी अ = २ घ्यावे. मग ब = १६, क = २, ड = २, इ = ८ आणि फ = ५:

२ केएमएनओ₄ + १६ एचसीएल → २ केसीएल + २ एमएनसीएल₂ + ८ एच₂ओ + ५ सीएल₂

समीकरणे मांडताना विखुरलेले मूलद्रव्य, म्हणजे येथे क्लोरिन, शेवटी ठेवल्यामुळे सर्व अज्ञाते अच्या रूपात आधीच मिळाली होती. या उत्तरातील १६ हा आकडाही पाहण्याजोगा आहे. आम्लाच्या १६ रेणूंपैकी १० रेणूंतील क्लोरिनचे ऑक्सिडीभवन होऊन (म्हणजे त्याने इलेक्ट्रॉन देऊन) वायू मिळतो, तर उरलेल्या ६ रेणूंतील क्लोरिन क्षारांत जातो. एकच पदार्थ दोन कामे करत असल्यामुळे हे समीकरण अंदाजाने सुटत नाही.

आयनांच्या समीकरणात प्रभारही जुळावा

तांब्याची तार सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवली की तिच्यावर चांदी जमते. केवळ आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू, दाखवून ही अभिक्रिया अशी लिहिता येते:

सीयू + एजी⁺ → सीयू²⁺ + एजी

अणू मोजले तर तांबे दोन्हीकडे १ आणि चांदी दोन्हीकडे १. म्हणजे सर्व काही जुळलेले. तरीही हे समीकरण असंतुलित आहे, कारण डावीकडे एकूण प्रभार +१ आहे आणि उजवीकडे +२. तांब्याचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, चांदीचा एक आयन एकच इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून चांदीचे दोन आयन लागतात:

सीयू + २ एजी⁺ → सीयू²⁺ + २ एजी

आयनिक समीकरणासाठी मोजणीच्या रकान्यांखाली ‘एकूण प्रभार’ अशी एक ओळ कायमची वाढवावी.

जुळलेले, तरीही चुकीचे

संतुलन ही समीकरणाची आवश्यक अट आहे, परंतु ती पुरेशी अट नाही, हे दाखवणारे एक उदाहरण वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी एकदा तरी मोजून पाहावे. आम्लयुक्त पोटॅशियम परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची अभिक्रिया पुढीलप्रमाणे लिहिली:

२ केएमएनओ₄ + एच₂ओ₂ + ३ एच₂एसओ₄ → के₂एसओ₄ + २ एमएनएसओ₄ + ३ ओ₂ + ४ एच₂ओ

तर पोटॅशियम, मँगनीज, गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही पाचही मूलद्रव्ये जुळतात. ऑक्सिजन दोन्हीकडे २२ आहेत. तरीही हे प्रमाण चुकीचे आहे. मँगनीजचे दोन अणू मिळून १० इलेक्ट्रॉन घेतात आणि पेरॉक्साइडचा एक रेणू ऑक्सिजन वायूत रूपांतरित होताना २ इलेक्ट्रॉन देतो, म्हणजे पेरॉक्साइडचे ५ रेणू हवेत:

२ केएमएनओ₄ + ५ एच₂ओ₂ + ३ एच₂एसओ₄ → के₂एसओ₄ + २ एमएनएसओ₄ + ५ ओ₂ + ८ एच₂ओ

बीजगणिताने हे समीकरण सोडवायला घेतले तर अटींपेक्षा अज्ञाते जास्त उरतात आणि अनेक उत्तरे निघतात. त्यातले खरे कोणते हे इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीवरूनच ठरते. पदार्थांची स्थिती, उष्णता किंवा उत्प्रेरक यांच्या खुणा समीकरणात संतुलन पूर्ण झाल्यावर भराव्यात. त्यांचा अणूंच्या मोजणीशी संबंध नसतो.

सरावासाठी

सोडवलेली उदाहरणे वाचून हा विषय येत नाही. पाठ्यपुस्तकातील संतुलित समीकरणे सहगुणक गाळून वहीत उतरवावीत आणि काही दिवसांनी कोऱ्या मनाने सोडवावीत. पुढील पाच समीकरणांपुढे उत्तराऐवजी सर्व सहगुणकांची बेरीज कंसात दिली आहे. न लिहिलेला सहगुणक १ धरून तोही बेरजेत घ्यावा. आपली बेरीज वेगळी आली, तर आधी लहानात लहान पूर्णांक घेतले आहेत का ते पाहावे आणि मग मोजणीचे रकाने पुन्हा तपासावेत.

केसीएलओ₃ → केसीएल + ओ₂ (बेरीज ७)

एफई₂ओ₃ + सीओ → एफई + सीओ₂ (बेरीज ९)

सीयू + एचएनओ₃ → सीयू(एनओ₃)₂ + एनओ₂ + एच₂ओ, संहत आम्ल (बेरीज १०)

एनएच₃ + ओ₂ → एनओ + एच₂ओ (बेरीज १९)

सीयू + एचएनओ₃ → सीयू(एनओ₃)₂ + एनओ + एच₂ओ, विरल आम्ल (बेरीज २०)

दुसऱ्या समीकरणात ऑक्सिजन तीन सूत्रांत आहे, परंतु कार्बन मोनॉक्साइडचा प्रत्येक रेणू ऑक्सिजनचा एकच अणू उचलतो हे लक्षात आले तर ते मोजण्यापूर्वीच सुटते. तिसऱ्या आणि पाचव्या समीकरणांत नायट्रेट मूलकाचा काही भाग अखंड राहतो आणि काही फुटतो, म्हणून तेथे नायट्रोजन सुटा मोजावा. अडल्यास अ, ब, क लिहून सुरुवात करावी.